बॅटरीची वायर किती जाड हवी?

घरात दीड टनाचा एसी बसवायचा झाला, की इलेक्ट्रिशियन चार स्क्वेअरची वायर मागवतो. फार तर अडीचवर तयार होतो. तो एसी चालू असताना जेमतेम सात-आठ अँपिअर करंट घेतो. उलट पाच इंची प्रोपेलरच्या रेसिंग ड्रोनमध्ये बॅटरीच्या प्लगपासून बोर्डापर्यंत जाणारी वायर सहसा १४ गेजची, म्हणजे आपल्या दुकानी हिशेबात साधारण दोन स्क्वेअरची असते, आणि पूर्ण थ्रॉटलला तिच्यातून शंभर अँपिअर सहज जातात. तांबे दोन्हीकडे तेच, ओहमचा नियमही तोच. तरी घरातला इलेक्ट्रिशियन भित्रा नाही आणि ड्रोन बांधणारा बेफिकीर नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. हे कसे, ते एकदा नीट उमगले की या पुस्तिकेतला निम्मा भाग वाचकाला आपोआप सुचेल. म्हणून बाकीचे विषय पुढच्या प्रकरणांवर सोपवून ही प्रस्तावना फक्त जाडीच्या प्रश्नाला दिली आहे.

छोटा ड्रोन बांधायला घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: माझा ड्रोन जास्तीत जास्त इतके अँपिअर ओढतो, तर कोणती वायर घेऊ? प्रश्न रास्त वाटतो, पण वायर निवडताना जे आकडे लागतात त्यांत सर्वांत कमी उपयोगाचा आकडा हाच आहे. वायरीला करंट किती यापेक्षा तो किती वेळ टिकतो, वायर किती लांब आहे आणि तिच्या दोन टोकांना काय जोडले आहे, या तीन गोष्टींनी जाडी ठरते. आणि या तिन्हींचा हिशेब मांडला, की एक काहीसा अनपेक्षित निष्कर्ष हाती येतो: पाच इंची ड्रोनच्या वायरीवरून जेवढी हमरीतुमरी होते तेवढी लायकी त्या वादाची नाही, आणि चिमुकल्या व्हूप ड्रोनच्या वायरीकडे मात्र पाहिजे तेवढे लक्ष कोणी देत नाही.

आधी मोजमाप. ड्रोनच्या वायरी अमेरिकन गेजमध्ये विकल्या जातात. ही पद्धत अमेरिकेतल्या ब्राउन अँड शार्प या कंपनीने १८५७च्या सुमारास रूढ केली. भोकांच्या पट्टीतून तार जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक होते, म्हणून बारीक तारेचा आकडा मोठा. लक्षात ठेवायला दोनच गोष्टी पुरतात: गेज तीनने वाढला की छेदाचे क्षेत्रफळ निम्मे होते, दहाने वाढला की रोध दहापट होतो. १२ गेज म्हणजे ३.३१ चौरस मिलिमीटर, १४ म्हणजे २.०८, १६ म्हणजे १.३१, १८ म्हणजे ०.८२, २० म्हणजे ०.५२ आणि २२ म्हणजे ०.३३. रोधाच्या भाषेत १२ गेजच्या एका मीटरला ५.२ मिलिओहम, १४ला ८.३, १६ला १३.२ आणि २२ला तब्बल ५३. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर स्क्वेअरमध्ये बोलणाऱ्याला हे आकडे सोबत असले म्हणजे काउंटरवर गोंधळ होत नाही. मात्र तिथली घरगुती अडीच स्क्वेअरची वायर ड्रोनला लावू नये. तिच्यात ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतात आणि वर पीव्हीसी. ड्रोनच्या १४ गेजच्या सिलिकॉन वायरीत ०.०८ मिलिमीटरच्या ४०० तारा असतात. पहिली वळवली की वळलेलीच राहते आणि सोल्डरिंग करताना तिचे आवरण मागे सरकत वितळते. दुसरी दोऱ्यासारखी लवचीक असते आणि तिचे आवरण २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते.

आता उष्णतेचा हिशेब. दहावीच्या विज्ञानात शिकलेला ज्यूलचा नियम इथे पुरतो: करंटचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ. पाच इंची ड्रोनच्या बाजूला लाल आणि काळी मिळून २० सेंटिमीटर वायर आहे असे धरू. १४ गेजमध्ये तिचा रोध १.६६ मिलिओहम. शंभर अँपिअरला तिच्यात साडेसोळा वॅट उष्णता तयार होते. तेवढ्या तुकड्यात तांबे आहे ३.७ ग्रॅम. वारा अजिबात लागला नाही असे धरले, तर हे तांबे दर सेकंदाला साडेअकरा अंशांनी तापेल. १२ गेज घेतली तर हाच वेग साडेचार अंश, आणि १६ घेतली तर जवळजवळ २९. दोन गेजच्या पायरीला तापण्याचा वेग अडीचपट बदलतो, कारण वायर जाड केली की रोध कमी होतो आणि उष्णता साठवणारे तांबेही वाढते, असा दुहेरी फायदा मिळतो. म्हणून पाच इंचीला १६ गेज घालू नये हा सल्ला अगदी बरोबर आहे. पाच-सहा सेकंद दाबून धरलेला थ्रॉटल तिला आवरणाच्या मर्यादेच्या आसपास नेऊ शकतो. पण १४ गेजची गोष्ट वेगळी. शर्यतीत पूर्ण थ्रॉटल एका दमात सहसा एक-दोन सेकंद लागतो, मग वळण येते, गेट येते, हात सैल होतो.

तो हात किती सैल होतो, हे चार्जर सांगतो. ६ सेल १३०० मिलिअँपिअर-तासांचा पॅक दोन मिनिटांच्या शर्यतीनंतर चार्जरला लावला आणि त्यात १०४० मिलिअँपिअर-तास परत गेले, तर सरासरी करंट झाला ३१ अँपिअर. शंभर कुठे आणि एकतीस कुठे! पण इथेही थोडे जपून. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, तेव्हा सरासरी धरून चालत नाही. पाव वेळ ८० अँपिअर आणि उरलेला वेळ १५ अँपिअर अशी उड्डाणाची ढोबळ मांडणी केली, तर सरासरी तीच ३१ येते, पण वायरीच्या दृष्टीने ते ४२ अँपिअर सतत वाहिल्यासारखे असते. म्हणजे वायरीसाठी खरा आकडा ३१ही नव्हे आणि १००ही नव्हे, तो मधे कुठेतरी, सरासरीच्या दीडपटीच्या आत-बाहेर पडतो. ४२ अँपिअरला १४ गेजचा आपला तुकडा तीन वॅटसुद्धा बाहेर टाकत नाही आणि प्रोपेलरचा वारा सतत लागत असल्याने ते तीन वॅट सहज निघून जातात. घरातल्या वायरीचे कोष्टक इथे का लागू पडत नाही, तेही यातूनच दिसते. ती वायर भिंतीत, पाइपात, इतर वायरींच्या गर्दीत तासन्‌तास चालते. तिचे पीव्हीसी ७० अंशांपलीकडे नेता येत नाही आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. त्यासाठी बनवलेला तक्ता दोन मिनिटांच्या, वाऱ्यातल्या, सिलिकॉनच्या वायरीला लावून १४ गेज पंधराच अँपिअरची, असे सांगणारा माणूस चुकीच्या दुकानातला तराजू आणतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की प्रश्न उष्णतेचा नाहीच, प्रश्न ताकदीचा आहे. जाड वायरीने व्होल्टेजची घट कमी होते आणि ड्रोनला पंच येतो. तपासून पाहू. आपल्या २० सेंटिमीटरसाठी १४वरून १२ गेजवर गेले, तर ०.६ मिलिओहम वाचतात. शंभर अँपिअरला ते ०.०६ व्होल्ट. १९५० केव्हीच्या, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला १९५० फेऱ्यांच्या, मोटरला, भार नसताना, तेवढ्याने मिनिटाला सव्वाशेच्या आत फेरे जास्त मिळतील, तेही तीस हजारांच्या वर फिरणाऱ्या मोटरला. आता याच्या शेजारी बॅटरी ठेवा. चांगल्या अवस्थेतल्या सेलचा अंतर्गत रोध ४ मिलिओहम धरला, तर सहा सेलचे २४ झाले. शंभर अँपिअरला बॅटरी आतल्या आत २.४ व्होल्ट खाऊन बसते. सेल थंड असेल किंवा थोडा म्हातारा झाला असेल, तर सहाही सेलमध्ये मिळून याहून जास्त. ज्याला पंच हवा त्याने जुना पॅक बदलावा आणि शर्यतीपूर्वी पॅक उबदार ठेवावा. वायर बदलून मिळणारा फायदा हाताला जाणवेल असे म्हणणारे बहुधा त्याच दिवशी नवा पॅकही लावतात.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: ठीक आहे, फायदा नसेल, पण तोटा तरी कुठे आहे? जाड वायर म्हणजे सुरक्षितता, दोन-तीन ग्रॅमसाठी कशाला कुरकुर? वजनाबद्दल हा आक्षेप बराचसा मान्य करावा लागेल. पॅकसकट सहाशे ग्रॅमच्या ड्रोनला तीन ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. त्यावर कोणी शर्यत हरत नाही. खरा तोटा वायरीच्या टोकाला आहे. मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या चार-इन-वन ईएससी बोर्डावरचे बॅटरीचे पॅड काही मिलिमीटरचे असतात. त्यावर १२ गेजची वायर डकवायची तर तांब्याचा तो गठ्ठा सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता गिळून टाकतो. आयर्न लहान असेल तर शिसे वरवर चमकते आणि आत पॅडला धरतच नाही. असा थंड डाग बाहेरून नीट दिसतो, आणि त्याचा रोध संपूर्ण वायरीच्या रोधापेक्षा जास्त निघू शकतो. म्हणजे जाड वायर घेऊन जे मिळवायचे होते ते तिच्याच टोकाशी गेले. वर, ती वायर १४ गेजपेक्षा ताठ असते. ड्रोन गेटच्या खांबाला आपटला आणि पॅक पट्ट्यातून निसटून बाजूला उडाला की ती वायर तरफेसारखी काम करते आणि पॅड बोर्डावरून उचलून काढते. बारीक वायर असती तर वाकली असती. यावर उपाय आहेच: वायर आधी फ्रेमच्या दांड्याला झिप-टायने बांधावी आणि मगच प्लगकडे न्यावी, म्हणजे ओढ डागावर येत नाही. पण मुद्दा असा की जाडी ही फुकटची सुरक्षितता नाही. ती नीट बसवायला मोठे आयर्न, मोठे पॅड आणि पक्का हात लागतो. हे तिन्ही हाताशी नसतील, तर १४ गेजची नीट डकवलेली वायर १२ गेजच्या अर्धवट डकवलेल्या वायरीपेक्षा सुरक्षित.

मग १२ गेज कोणासाठी? तिसरा आक्षेप तोच आहे: बाजारातल्या मोठ्या पॅकना १२ गेज असते आणि नामवंत पायलटही ती वापरतात, ते सगळे चुकले का? नाही चुकले. मोठ्या मोटरी, जास्त पिचचे प्रोपेलर आणि लांब सरळ पट्ट्यांचा ट्रॅक असेल, थ्रॉटल पाच-पाच सेकंद खाली येत नसेल आणि करंट दीडशेला टेकत असेल, तर १४ गेज वारा नसताना सेकंदाला २६ अंशांनी तापते. तिथे १२च हवी. दुसरी जागा म्हणजे ४ सेलचे ड्रोन, आणि इकडे फारसे लक्ष दिले जात नाही. तीच ताकद ४ सेलमधून काढायची तर करंट दीडपट लागतो आणि उष्णता सव्वादोनपट होते. हा फरक गेजच्या जवळजवळ दोन आकड्यांएवढा आहे. म्हणजे ६ सेलवर १४ गेजने जे काम होते, तेच ४ सेलवर करायला १२ लागते. सहा सेलकडे वळलेल्या मंडळींनी सवयीने जुनी १२ गेजच चालू ठेवली, एवढेच त्यातले बरेचसे रहस्य आहे.

आता ज्याकडे दुर्लक्ष होते त्या चिमुकल्या ड्रोनकडे. ६५ मिलिमीटरचा व्हूप बॅटरीशिवाय वीसेक ग्रॅमचा असतो आणि एकाच सेलवर उडतो. इथे व्होल्टेजच ३.७, तेव्हा पाच इंचीत नगण्य असलेला प्रत्येक मिलिओहम इथे सहापट बोलतो. पूर्ण थ्रॉटलला तो दहा अँपिअर ओढतो असे धरू. त्याच्या बोर्डापासून प्लगपर्यंत २२ गेजच्या पाच-पाच सेंटिमीटरच्या दोन वायरी असतील, तर रोध ५.३ मिलिओहम. २० गेज घातली तर ३.३. फरक दोन मिलिओहमचा, म्हणजे दहा अँपिअरला ०.०२ व्होल्ट, अर्धा टक्का. पाच इंचीत १४वरून १२वर जाऊन पाव टक्काच मिळत होता. पण बदल्यात वजन वाढते, आणि वीस ग्रॅमच्या ड्रोनला पाव ग्रॅमही मोजावे लागते. इथे तिसरी वाट दिसते: २२ गेजच ठेवा आणि प्रत्येक वायर पाचाऐवजी तीन सेंटिमीटर करा. रोध ३.२ मिलिओहमवर येतो, म्हणजे २० गेजच्या बरोबरीला, आणि वजन वाढण्याऐवजी कमी होते. कात्रीने जे होते त्यासाठी नवी वायर विकत घेण्याचे कारण नाही. अर्थात प्लग लावता-काढता येईल एवढी लांबी सोडावी लागते. घाईत बोटे न पोचणारा प्लग शर्यतीच्या रांगेत डोकेदुखी ठरतो.

आणि त्या प्लगचे काय? अनेक व्हूपवर आजही जेएसटीचा पीएच प्रकारचा छोटा पांढरा प्लग दिसतो. तो मुळात २४ गेजच्या वायरीसह दोन अँपिअरसाठी बनवलेला आहे, आणि आपण त्यातून दहा नेतो. त्याच्या पिनेचे टोक दुमडलेल्या पातळ पत्र्याच्या पकडीत बसते. वारंवार काढघाल केल्याने ती पकड सैल होते आणि स्पर्श एका रेघेपुरता उरतो. दोन पिनांचा मिळून रोध २० मिलिओहम धरला तर दहा अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच गेले. वायरीचा गेज बदलून जे मिळाले असते त्याच्या दहापट. २२,००० केव्हीच्या मोटरीसाठी, पुन्हा भाराविना, हे मिनिटाला ४,४०० फेरे झाले. व्हूपच्या दुनियेत बीटी२.०सारखे भरीव पिनेचे प्लग आले ते याच दुखण्यावर, आणि तो बदल कोणत्याही वायरीच्या बदलापेक्षा जास्त जाणवतो. प्लग जुना ठेवून त्याच्या मागे २० गेजची वायर लावणे हा निव्वळ देखावा आहे.

आखूड वायरीच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे आणि तो उष्णतेशी संबंधित नाही. ईएससी मोटरीचा करंट सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. बॅटरीच्या वायरीला स्वतःचे प्रेरकत्व असते, त्यामुळे प्रत्येक तोडणीला बोर्डाच्या टोकाशी व्होल्टेजची उसळी येते. थ्रॉटल एकदम सोडून मोटर ब्रेक लावते तेव्हा ती सर्वांत मोठी. ६ सेलचा भरलेला पॅक २५.२ व्होल्टचा, त्यावर बसणारी उसळी ईएससीतल्या मॉस्फेटची मर्यादा ओलांडू शकते आणि कॅमेऱ्याच्या चित्रात रेघा आणते. वायर जाड केल्याने हे प्रेरकत्व जवळपास तसेच राहते. ते कमी होते वायर आखूड केल्याने आणि लाल-काळी एकमेकींना चिकटून नेल्याने. उरलेली उसळी झेलायला बॅटरीच्या पॅडवर कमी अंतर्गत रोधाचा ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावतात. तोही पॅडला अगदी लागून, कारण त्याचे पाय लांब ठेवले की तोच प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो.

एवढा सगळा हिशेब मात्र एका गृहीतकावर उभा आहे: वायर तांब्याची आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची स्वस्त वायरही मिळते, वर गेज तेच छापलेले. ॲल्युमिनिअम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहते, म्हणजे १४ म्हणून घेतलेली वायर प्रत्यक्षात १६ निघते. कलई केलेली बारीक तार ब्लेडने खोलवर खरवडली आणि आत लालसर रंग दिसला तर तांबे. पांढरट दिसला तर वायर परत द्या. आणखी खात्री हवी असेल तर एक मीटर वायरीतून बेंच सप्लायने पाच अँपिअर सोडा आणि साध्या मल्टिमीटरने दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजा. १४ गेजला ४१च्या आसपास आले पाहिजेत. मीटरच्या ओहमच्या चाकावर हे मोजायला जाऊ नये. तिथे मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध याहून कितीतरी जास्त असतो.

तेव्हा माझे मत सांगतो. ६ सेलच्या पाच इंचीला १४ गेज पुरे. ४ सेलवर किंवा लांब सरळ ट्रॅकवर १२. एक्सटी३० प्लगच्या तीन इंचीला १६ किंवा १८. एका सेलच्या व्हूपला २२, पण प्लग चांगला आणि वायर आखूड. याहून बारकाईने तुमच्या ड्रोनला काय हवे ते पुढची प्रकरणे सांगतील. ती वाचायला घेण्यापूर्वी एक काम करा: पुढच्या उड्डाणानंतर किती मिनिटे उडालात आणि चार्जरने किती मिलिअँपिअर-तास परत भरले, हे दोन आकडे पॅकवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. पुढचे सर्व तक्ते त्याच दोन आकड्यांपासून सुरू होतात.